वहिनींची पेशी बोलेना

प्रयोगशाळेत त्यांना सगळे वहिनी म्हणत. नेमक्या कोणाच्या, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मुलगी कॉलेजात गेली त्याच वर्षी वहिनींनी पीएचडीला नाव घातलं होतं, त्यामुळे बरोबरचे विद्यार्थी भाचेपुतण्यांच्या वयाचे. त्यांनी ताई म्हणायला जरा उशीर झाला होता आणि काकू म्हणायची कोणाची छाती नव्हती. मधला मार्ग म्हणून वहिनी.

वहिनींचा विषय वासाचा. नाक नुसता निरोप आणून देतं. तो घेऊन मेंदूत पुढे कळवणाऱ्या पेशी वेगळ्या. मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला, नाकाच्या वर, त्यांची वस्ती असते. दूध करपलं की पहिली हाकाटी करतात त्या ह्याच. आणि त्यांची हाकाटी म्हणजे वीज, इवलीशी, क्षणात विझणारी.

ही वीज येते कुठून, असं नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं. विचारून तो लगेच पस्तावला, कारण वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला.

"पेशीच्या भिंतीत दारं असतात. आयन चॅनेल म्हणतात त्यांना. सोडियमची दारं उघडली की सोडियम धडाधड आत घुसतो आणि पेशी ओरडते. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि पेशी गप्प होते. त्यातलं एक पोटॅशियमचं दार माझं. ते आधीपासूनच थोडं किलकिलं असतं, म्हणून पेशी उगाच बडबडत नाही. ते बंद केलं तर ती किती बडबडेल, ते मला बघायचंय."

"म्हणजे ते दार म्हणजे आमच्या मातोश्री," नवरा म्हणाला.

मातोश्री समोरच बसून जेवत होत्या. "आणि तू सोडियम," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "विचार न करता घुसतोस."

घरी सगळं असं हसतखेळत चालायचं. घोडं अडलं होतं ते प्रयोगशाळेत.

पेशीचं बोलणं ऐकायचं तर आधी तिला पकडावं लागतं. उंदराच्या मेंदूचा पातळ काप खारट पाण्यात ठेवायचा, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे तो काही तास जिवंत राहतो. मग केसाहून बारीक टोकाची काचेची नळी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला टेकवायची. काचेच्या मागच्या बाजूला रबरी नळी असते, तिचं दुसरं टोक आपल्या तोंडात. तिच्यातून अगदी हलकेच हवा ओढायची. ओढ बरोबर बसली की पेशीची भिंत काचेला अशी घट्ट चिकटते की मधून विजेचा थेंबही गळत नाही. ह्याला सील म्हणतात, आणि वहिनींचं सील टिकतच नव्हतं. चिकटता चिकटता यंत्राच्या पडद्यावरची विजेची रेघ थरथरायची आणि पेशी काचेवरून सुटायची.

मॅडम, म्हणजे वहिनींच्या मार्गदर्शक, शेजारी उभ्या राहिल्या की हात कापत कापत का होईना, कधीमधी जमायचं. त्या बाहेर गेल्या की पुन्हा थरथर. वहिनींनी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, शेजारच्या खोलीतल्यांना चपला काढून चालायला लावलं. पेशी ढिम्म बोलेना.

शेवटी मॅडम मायेनेच म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू. एक धड पेशी मिळाली तर यंत्र तुमच्याकडेच राहील. नाही तर सोमवारपासून दाढीवाल्याला देऊ, आणि तुम्हाला दुसरा विषय शोधू. फोटोतल्या पेशी मोजायचं काम आहे, छान आहे."

दाढीवाला हा त्याच खोलीतला विद्यार्थी, स्वभावाने गरीब. वहिनींना त्याचा राग नव्हता. पण फोटोतली पेशी बोलत नाही. ह्या यंत्राला छोटा स्पीकर होता. पेशीने ठिणगी टाकली की त्यातून "टक" असा आवाज यायचा. मॅडमनी पकडलेल्या पेशीचं ते टकटक पहिल्यांदा ऐकलं, तेव्हाच वहिनी ह्या कामात पडल्या होत्या, पार गळ्यापर्यंत.

शुक्रवारी सकाळी नेमकी सासूबाईंची डोळ्यांची तपासणी निघाली. दवाखाना प्रयोगशाळेच्या समोरच. डोळ्यांत औषध घातल्यावर सासूबाईंना सगळं धूसर दिसू लागलं. नवरा यायला अवकाश होता, म्हणून वहिनींनी त्यांना हाताला धरून आणलं आणि खोलीत दाराजवळ स्टुलावर बसवलं. यंत्राभोवती बाहेरची वीज अडवायला तारेच्या जाळीचा पिंजरा होता. सासूबाईंनी तो चाचपून पाहिला.

"कोंबड्या पाळल्यात का गं?"

"आई, जरा शांत बसा हं. शेवटचा दिवस आहे माझा."

सासूबाई शांत बसल्या. दिसत काही नव्हतं, तेव्हा त्यांनी ऐकायचं काम घेतलं. वहिनींनी पेशी शोधली, काच टेकवली, नळी तोंडात धरली. रेघ थरथरली. सुटली. दुसरी पेशी. थरथरली. सुटली. वहिनींनी नळी काढून कपाळावर हात मारला.

"दुसरी ओळ अजून चुकतेस तू," सासूबाई म्हणाल्या.

"कसली ओळ?"

"गुणगुणत होतीस ना, ती चाल. माझीच आहे की. दुसऱ्या ओळीला सूर खाली यायला हवा."

"मी कुठे गुणगुणत होते?"

"आता काय सांगू. भाजी चिरताना गुणगुणतेस, कपडे वाळत घालताना गुणगुणतेस. आता तोंडात नळी घालूनही तेच."

वहिनींनी नळीकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या रेघेकडे. मग पुन्हा नळीकडे. काम रंगात आलं की तो सूर रबरी नळीतून थेट काचेच्या टोकाशी पोहोचत होता, आणि बिचारी पेशी त्यावर डुलून निसटत होती. मॅडमसमोर संकोचाने त्यांचा आवाज फुटत नसे, म्हणून तेवढं जमत होतं. पंखा, फ्रिज, लोकांच्या चपला, सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. वहिनींना इतकं हसू आलं की स्टूल धरून उभं राहावं लागलं.

मग त्यांनी ओठ घट्ट मिटून नळी धरली. पण गुणगुणणं थांबताच हात कापायला लागले.

"आई, मला त्याशिवाय जमतच नाही."

"मग मी म्हणते. तू ऐक, आणि तोंड मीट. घरी कधी जमलं नाही, इथे जमव."

सासूबाईंनी मुलाला झोपवताना स्वतःच रचलेली ती चाल, शब्दांवाचूनची. त्यांचा मुलगा अजूनही तिच्यावर झोपतो, बातम्या चालू असल्या तरी. खालच्या आवाजात त्यांनी ती धरली. वहिनींचा हात स्थिर झाला. काच टेकली. हलकी ओढ. दुसऱ्या ओळीला सूर खाली आला, आणि पडद्यावरची रेघ सरळ झाली ती सरळच राहिली. आणखी एक छोटी ओढ. टक. थांबून, टक.

वहिनींनी पाण्यात ते दार बंद करणारं औषध सोडलं. थोड्या वेळाने पेशीला कंठ फुटला. टकटक, टकटकटक, टकटकटकटक.

"बाई, काय बोलते ही," सासूबाई म्हणाल्या. "पोटॅशियमची सासू घरी नाही वाटतं."

तेवढ्यात मॅडम दाढीवाल्याला यंत्र दाखवायला घेऊन आत आल्या. सासूबाईंना धूसर पांढरा कोट दिसला. "सिस्टर, दार हळू लावा," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनेची पेशी बोलतेय."

मॅडमनी दार हळू लावलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. बोलत होती फक्त पेशी. मग त्यांनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. "यंत्र तुमचं. दाढीवाल्याला संध्याकाळी देत जा थोडा वेळ."

सोमवारी संध्याकाळी वहिनी घरी निघाल्या, तेव्हा दाढीवाला त्यांच्या मागे मागे जिन्यापर्यंत आला. तासभर यंत्रावर बसून त्याची एकही पेशी टिकली नव्हती, आणि शुक्रवारच्या चालीची गोष्ट वहिनींनीच त्याला सांगितली होती.

"वहिनी," त्याने खालच्या आवाजात विचारलं, "आजींची पुढची तपासणी कधी आहे?"