लेआ नावाची हाक

भावाच्या मुलीचं नाव ठरलं तेव्हा मला फक्त कळवण्यात आलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि ती वाकली की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. पाठ माझी असल्यामुळे मला निदान विचारतील असं वाटलं होतं. विचारलं नाही.

नाव लेआ. वहिनीने ते मोबाइलवर शोधलं होतं. मूळ हिब्रू, प्राचीन, अर्थ 'थकलेली'. बाळापेक्षा तो वहिनीला जास्त लागू होता. दुसऱ्या साइटवर अर्थ 'गाय' निघाला. लालबागच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा पेढा तोंडात टाकून अर्थ विचारायचा. शेवटी भावाने कुठेसं वाचून 'नाजूक डोळ्यांची' असं सांगायला सुरुवात केली.

मग स्पेलिंग. वहिनीला शेवटी एच हवा होता. भावाचं म्हणणं, एच लावला तर शाळेतल्या बाई हजेरी घेताना लडाखमधलं लेह म्हणतील. वाय घातला की लिया होतं. दादरच्या मावशीच्या ओळखीतल्या अंकशास्त्रवाल्याच्या मते तर दोन आय घातल्याशिवाय मुलीचं भलं नव्हतं. नवरा-बायको एकाच सोफ्यावर बसून एकमेकांना स्पेलिंगं व्हॉट्सअ‍ॅप करत होते.

आईचं मात्र वेगळंच. "तुमका व्हया ता ठेवा. मी त्या नावान हाक मारूचंय नाय," ती म्हणाली. पाळण्यापाशीसुद्धा येणार नाही म्हणाली. वहिनीचे डोळे भरले. मला आईचा भयंकर राग आला. भाऊ-वहिनी कामावर गेली की बाळ दिवसभर आईच्याच मांडीवर वाढणार होतं. आजीनेच त्या नावाने हाक मारली नाही तर पोरीने ओ कशाला द्यायची?

बारशाच्या सकाळी आई घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे उपसत होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि विचारलं, "नाव आपल्यातलं नाही म्हणून एवढं?"

"आपल्यातला नाय असा कोण म्हणता?" आई म्हणाली आणि खाली बसली.

ती लग्न होऊन परळच्या चाळीत आली तेव्हा समोरच्या खोलीत एक बेने इस्रायली ज्यू कुटुंब राहत होतं. मूळचं अलिबागकडचं. घरातल्या बायका नऊवारी नेसायच्या, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. त्यांची मुलगी आईच्याच वयाची. दोघी गॅलरीत बसून नारळ खवायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. तिचं नाव लेआ. त्याचं स्पेलिंग तिला कोणी विचारलं नव्हतं. मी पोटात असताना ते कुटुंब कायमचं इस्रायलला गेलं. आई अवघडलेल्या अंगाने सांताक्रूझ विमानतळापर्यंत पोचवायला गेली होती. त्यानंतर काही कळलं नाही.

"हाक मारली की ती बाहेर येय," आई म्हणाली. "ती गेल्यावरसुद्धा त्या रिकाम्या खोलीकडे बघून मी हाक मारलंय. परत नको माका ता."

मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला. हरभरे शिजायला टाकून मी बाहेर आले. वहिनीला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बायका जमल्या. मी पाळण्यात वाकले. पहिला धपाटा शेजारणीचा होता. तिचा माझ्यावर जुना राग असावा. मी तोंड उघडणार तोच कोणीतरी मला खांद्याने बाजूला सारलं. आई होती, हात अजून ओले. बायका रंगात आल्या होत्या. समोरची पाठ आत्याची की आजीची हे न बघता त्यांनी धपाटे चालूच ठेवले, आणि आईने ते मुकाट्याने खाल्ले. त्या गलक्यात ती बाळाच्या कानाशी काय बोलली ते फक्त मला ऐकू आलं.

"लेआ गो," ती म्हणाली, "आता तरी खंय जाव नको."