रिपीटर माडमचा मान

दार सताड उघडं असायचं, तरी आमचे शेजारी बाहेर थांबायचे, बोटाच्या पेराने दारावर दोनदा वाजवायचे आणि विचारायचे, "येऊ का आत?" दुसऱ्याच्या नव्हे हो, स्वतःच्याच घरात शिरताना.

आतून त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "या की. कोणी अडवलंय तुम्हाला?"

मग ते चपला काढून, त्या एकमेकींना अगदी चिकटवून ठेवून आत जायचे. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत त्यांची नि आमची भिंतीला भिंत होती, त्यामुळे ही टकटक मी जवळजवळ रोज ऐकली. सुरुवातीला हसू यायचं. पुढे नाही आलं.

ते एका परदेशी कंपनीच्या प्रवासी बोटीवर स्टुअर्ड होते, पाशिंजरांची सरबराई करणारे. मूळचे मालवणकडचे. दहा-दहा महिने बोटीवर, मग दीड-दोन महिने घरी, असं सगळं आयुष्य गेलेलं. चाळीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. बोटवाले आले, बोटवाले गेले, एवढंच. आणि तुम्ही बोटीवरच्या माणसाच्या शेजारी राहिला असाल तर तुम्हाला हेही ठाऊक असेल की त्याला सगळे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "कधी आलात?" आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकूनही न घेता दुसरा, "परत कधी?"

ऐंशी सालानंतर कधीतरी कंबरेने दगा दिला आणि ते कायमचे घरी आले. तरी जिन्यात भेटलेला माणूस विचारायचाच, "परत कधी?" ते म्हणायचे, "आता नाय. आता हयच." इथेच. समोरचा मान हलवायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारायचा.

संध्याकाळी मी शाळेतून पार्ल्याहून घरी आले की गॅलरीत चहा घेऊन बसायची. तेही खुर्ची टाकून बसायचे आणि बोटीच्या गोष्टी निघायच्या. त्यांचा आवडता शब्द होता रिपीटर. मी शिक्षिका. आमच्याकडे रिपीटर म्हणजे नापास होऊन त्याच वर्गात बसलेलं कार्टं. त्यांच्याकडे रिपीटर म्हणजे साक्षात देव. जो पाशिंजर त्याच कंपनीच्या बोटीने पुन्हा पुन्हा येतो तो रिपीटर, आणि जितक्या फेऱ्या जास्त तितका त्याचा मान मोठा. कोटाला लावायला पिन, आधी साधी, मग चांदीची, मग सोन्याची. केबिनमध्ये आवडीची फुलं. जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीजवळचं टेबल कायमचं राखून. कपडे फुकटात धुवून, इस्त्री करून. बंदर आलं की बाकीचे रांगेत उभे आणि रिपीटर सगळ्यांच्या आधी खाली. एका संध्याकाळी तर खुद्द कप्तान हात मिळवायला येणार.

आणि सगळ्या रिपीटरांत मोठी त्यांची ती माडम. इंग्लंडची म्हातारी विधवा. वर्षातला निम्मा वेळ बोटीवरच काढायची. ती वर्षानुवर्षं ह्यांच्याच वाट्याला आलेली. तिला उशी मऊ लागते की कडक, चहात दूध आधी की नंतर, कुठल्या दिवशी तिचा नवरा गेला आणि त्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही, सगळं ह्यांना पाठ.

मी एकदा सहज विचारलं, "आणि तुमच्या नंदाला चहा कसा लागतो हो?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "विचारूक होया." विचारायला हवं. आणि चहा तसाच ठेवून आत गेले.

नंदा त्यांची एकुलती एक मुलगी. अंधेरीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तोंडाने फटकळ, मनाने सरळ. वडील कायमचे घरी आले तेव्हा तिला बाविसावं लागलं होतं.

आता घरी बसल्यावर माणूस काय करणार? त्यांना एकच विद्या येत होती, ती त्यांनी घरावर आजमावली. नंदाच्या टॉवेलचा हंस करून तो कॉटवर ठेवला. ती कामाला जायच्या घाईत, हंसाची मान पिरगाळून न्हाणीत पळाली. जेवताना ते हातावर फडकं टाकून वहिनींच्या डाव्या बाजूने वाकायचे, "तू बस गो, मी वाढतंय." वहिनी म्हणायच्या, "डावीकडून वाढा नाहीतर उजवीकडून, पण आमटी निवतेय तिकडे." आणि एकदा त्यांनी बोटीवरच्या रिवाजाप्रमाणे दोघींच्या उशांवर एकेक चॉकलेट ठेवलं. सांगायचं मात्र विसरले. आमची चाळ म्हणजे मुंग्यांचं माहेर. सकाळी मायलेकी गॅलरीत गोधड्या झटकत होत्या, नंदाच्या कानामागे ही मोठी गांधी उठलेली, आणि हे खांबाला टेकून शरमेने अर्धे झालेले.

मला वाटलं, आता चांगली बोलणी खातील. पण नाही. नंदा म्हणाली, "असू दे बाबा, तुम्ही बसा," आणि गोधडी झटकत राहिली.

हे "तुम्ही बसा" मी इतक्यांदा ऐकलंय. रॉकेलच्या रांगेत उभा राहतो म्हणाले, तुम्ही बसा. दळण आणतो म्हणाले, तुम्ही बसा. घरात एकच कॉट, ती त्यांची. सुरमई आणली की मधली तुकडी त्यांना. चांगला कप त्यांना, मायलेकींना कान तुटलेले. ते झोपले की रेडिओ बंद. सगळं अगदी वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला करतात तसं, आणि माणूस तर आता रोज तिथेच.

एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुमच्याकडे आज सकाळी जोरात चाललं होतं."

मला राग आला. आमच्या ह्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला होता आणि मी त्यांना यथेच्छ सुनावलं होतं, पण ते शेजाऱ्याने काढायचं कारण काय? मी म्हटलं, "भिंतीला कान लावून बसता की काय?"

"तसं नाही बाई. बरं वाटतं ऐकायला." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी पण टाकला एकदा ओला टॉवेल. मुद्दाम. कॉटवर. नंदा आली, बघितलान, उचलून दोरीवर टाकल्यान. एक शब्द नाही. बाई, मी बोटीवर माडमला जे द्यायचो, तेच हे लोक मला देतात. तिला ना घर ना दार, म्हणून ती बोटीवर येऊन बसायची. मला का? मला कोण ओरडत पण नाही."

एवढा पोक्त माणूस, आणि मागणं काय, तर कुणीतरी ओरडावं.

मी नंदाला एकदा गाठलंच. शिक्षिकेची खोड, जाणार कुठे? म्हटलं, "अगं, वडिलांना जरा कामाला लाव. घरातल्या माणसासारखं वाग त्यांच्याशी."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, लहानपणी ते गेले की मी जेवायची नाही. आई भरवून भरवून थकायची. मग एकदा ठरवलं, आले तर चांगलं करायचं, गेले तर रडायचं नाही. आता सवय लावून घेऊ आणि परत गेले तर?"

"ते नाहीत जाणार आता."

"असं ते दर वेळी म्हणायचे."

मी आपली घरी आले.

आणि तशी वेळ आलीही. आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे होता. एका गुरुवारी फोन आला, फोर्टातल्या कंपनीच्या एजंटाचा. मी त्यांना बोलावून आणलं. रिसीव्हर हातात घेताच त्यांची कंबर ताठ झाली, शर्टाचं वरचं बटण लागलं. नुसतं "यस सर, यस सर" चाललेलं. फोन ठेवून ते आमच्या स्टुलावर बसले.

माडमने नाताळची सफर ठरवली होती. वय झालेलं, बहुधा शेवटचीच. आणि तिने कंपनीला कळवलं होतं की माझा माणूस असेल तर येते, नाहीतर नाही. एवढी जुनी रिपीटर, कंपनी तिला नाही कशी म्हणणार? कंबरेचं काय ते बघून घेऊ, हलकं काम देऊ, तेवढी एक फेरी करा. सोमवारपर्यंत कळवा.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तिला मान देणारा मी," ते म्हणाले. "आज कळलं बाई. फुलं, उशी, खिडकीतलं टेबल, तसाच मी पण. तिच्या मानातलीच एक वस्तू."

"मग नाही म्हणा."

"म्हटलं असतं. पण म्हातारी एकटी आहे हो. आणि इथे तरी मला कोण थांब म्हणतंय?"

घरी सांगितलं. वहिनींनी सवयीने लोकरीचं जाकीट उन्हात घातलं. नंदाने फक्त विचारलं, "कधी निघायचं?" शुक्रवारी ते गॅलरीत बसून राहिले, शनिवारीही. जिन्यातून जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "निघालात का परत?" मला इतका संताप आला होता सगळ्यांचा, आमच्या ह्यांनाही उगाच बोलले.

रविवारी सकाळी मी विरजण मागायला गेले तर ते गुडघ्यांवर बसून कॉटखालची मोठी बॅग ओढत होते. बॅग हलेना. वहिनी धावल्या, मीही हात लावला. कशीबशी बाहेर आली. त्यांनी खटके उघडले.

आत काठोकाठ तांदूळ. मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला खोचलेला.

"हे काय गो?"

नंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. "तांदूळ. परवा मामाने गावाहून पोतं नाही का पाठवलं? ते भरून ठेवलेत."

"पण बॅगेत? पिंप कुठे गेलं?"

पिंप कोपऱ्यातच होतं. झाकण काढलेलं, घासून पुसून लख्ख, आणि पार रिकामं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"गंज धरलाय त्याला," नंदा म्हणाली. गंजाचा एक ठिपका नव्हता.

"मग मी जाऊ कसा?"

"ते मला काय माहीत? बॅग काही मिळायची नाही. वर्षभराचे तांदूळ आहेत, कुठे ओतू मी? जायचंच असेल तर संपेपर्यंत थांबा." एवढं बोलून ती झटकन वळली आणि तिने नळ मोठा सोडला. वहिनींनी उन्हातलं जाकीट आत आणून घडी करून फळीवर टाकलं.

सोमवारी आमच्याच फोनवरून ते बोलले, "घरात काम आहे, सर. येता येणार नाही." माडम त्या सफरीला गेली की नाही, ते पुढे कधी कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यानंतर चार-पाच वर्षं मिळाली त्यांना. मग एका दुपारी झोपेतच गेले, त्या कॉटवर. चाळीत बोटवाले म्हणून कुणी उरलं नाही. मला अजून संध्याकाळी गॅलरीत बसवत नाही.

पण डोळ्यांसमोर येतात ते त्याच रविवारचे, दुपारचे. गॅलरीत उन्हाच्या पट्ट्यात सूप घेऊन बसलेले, दुसऱ्या दिवशीच्या भाताचे तांदूळ निवडत. नंदानेच हातात दिलं होतं. चष्मा कपाळावर आणि सगळं लक्ष भलतीकडे. ती आली, सुपात बोटं फिरवली आणि तिथेच सुरू झाली, "हे काय बाबा? असे निवडतात? खडे सगळे तसेच. डोळे कुठे असतात तुमचे? तासभर बसलाय नुसते. एक काम धड होत नाही तुमच्याने." आणि सूप त्यांच्या मांडीवर आदळून फणकाऱ्याने आत गेली.

ते माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू.

"ऐकलंत ना, बाई?" हळूच म्हणाले. "पोरीन माका झाडल्यान."

आणि चष्मा खाली ओढून पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागले.