तांब्याचा डाग

कारखान्यात त्यांना सगळे तांबट म्हणत. त्यातली गंमत अशी, की तांब्यावर त्यांच्याइतका डूख धरलेला माणूस शोधून सापडला नसता. पोलादी पाइपांचे जोड वेल्ड करण्यात त्यांचा जन्म गेला. वितळलेला धातू आत गळू नये म्हणून फटीला आतून तांब्याची कडी टेकवतात आणि जोड झाला की काढून घेतात. कडी मोठी गुणाची, पोलाद तिला चिकटत नाही. पण वेल्डिंगचा आर्क, म्हणजे विजेची ती झगझगीत ज्योत, तिच्यावर टेकला, की तांबं वितळून जोडात शिरतं आणि पोलादाला आतून तडे पाडतं. वरून सगळं छान दिसत राहतं.

म्हणून तांबटांची कटकट फार. कडीवर जरासा खळगा दिसला की ती भंगारात. पाइपांच्या कडा घासूनपुसून लख्ख, फट सगळीकडे सारखी, आणि आर्क पोलादाच्या कडेवरच. "फटीत काय घुटमळताय? तिथं सासर आहे का तुमचं?" असं ते भल्याभल्यांना सुनावत. स्वतःच्या जोडात मात्र कुणी खोट काढलेली त्यांना आठवत नव्हती, आणि याचा त्यांना गर्व होता. का नसावा?

जोड तपासायला त्यांचा जावईच होता. माणूस कामाला चोख आणि स्वभावाने इतका भिडस्त, की सासऱ्यांपुढे खुर्चीतसुद्धा नीट टेकून बसत नसे.

अलीकडे तांबटांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं. एका रेघेच्या दोन दिसत. त्या दिवशी चहा ओतताना त्यांनी निम्मा बशीबाहेर सांडला, तेव्हा बायको म्हणाली, "डोळे दाखवून या म्हणून मी कधीची डोकं फोडतेय. भिंतीला सांगितलं असतं तर तिनं तरी ऐकलं असतं." त्यांनी हूं केलं. डॉक्टर काय म्हणेल ते त्यांना ठाऊक होतं. मशीनवरून उठा म्हणेल, आणि नेमकं तेच त्यांना नको होतं.

त्याच दुपारी जोड पुरा करून त्यांनी कडी काढली, तर तिच्यावर ताजा खळगा. आत बॅटरी मारून डोळा अगदी जवळ नेला, तेव्हा जोडाच्या कडेला तांबूस झाक दिसली. फट एका बाजूला रुंद राहिली होती आणि ती त्यांना दिसलीच नव्हती. ग्राइंडर हाताशीच होता. वरची झाक घासून निघाली असती, आत मुरलेलं तांबं नाही. तरीही त्यांनी ग्राइंडर उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि ठेवून दिला. मग ते जावयाकडे गेले.

"जावईबापू, हा जोड कापायला काढा. तांबं लागलंय."

जावयाने इकडेतिकडे पाहिलं. "मामा, एखाद्या वेळी होतं. मी काही पाहिलं नाही असं समजा."

"पाहिलं नाही म्हणजे?"

त्याची मान खाली गेली, तसा तांबटांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"माझे जोड तुम्ही बघतच नाही?"

"तुमच्या जोडात काय बघायचं, मामा? आत डोकावणं म्हणजे तुमच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं."

तांबटांना संताप आला, पण कुणाचा ते कळेना. एवढी वर्षं ज्या मानावर ते जगले, त्या मानानेच त्यांचा घात केला होता. शेडच्या मागे त्यांनी जोडलेले पाइप रवाना व्हायची वाट पाहत रचून ठेवले होते. "चला," ते म्हणाले, "सगळे बघू. बॅटरी मी धरतो, डोळे तुमचे."

पहिले काही स्वच्छ निघाले. जावयाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. पुढच्या पाइपात मात्र त्याने बराच वेळ डोकं घालून ठेवलं.

"मामा, इथंही आहे."

तांबटांना फार वाईट वाटलं. कुणी आपल्या कामाकडे इतकं निरखून पाहिल्याचं बरंही वाटलं, आणि हे बरं वाटणं त्यांना आणखीच लागलं.

"फुली मारा. आणि उद्यापासून माझ्या मशीनवर दुसरा माणूस बघा."

जावयाने खडू टेकवला, पण त्याच्याने फुली ओढवेना. तेव्हा तांबटांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि फुली ओढली. त्यांचा हात अजून जराही हलत नव्हता.