आजीला रिटायर करणारी माणसं

अनुसयाबाईंवर, म्हणजे माझ्या आजीवर, मागच्या बुद्ध पौर्णिमेला वंदना संपताच अन्याय झाला. भर विहारात, माईकवर, टाळ्या वाजवून. ती गेली गेल्या महिन्यात. पण तिला संपवायला सुरुवात झाली ती त्या दिवशी, असं मी मानते. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ द्या.

आमच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीला सन्मानाचा एकच नमुना ठाऊक आहे: हार, शाल, दोन भाषणं आणि उद्यापासून कामावर येऊ नका. नव्वदी ओलांडलेल्या आजीचा गौरव करायचा ठरला, तर समितीतल्या निवृत्त बाबूंनी काय करावं? तिलाही रिटायर केलं! पहाटे विहार उघडणं, झाडणं, मूर्तीपुढची फुलं बदलणं, सतरंज्या अंथरणं हे तिचं काम, विहार बांधला तेव्हापासूनचं. अध्यक्ष, म्हणजे माझेच मोठे काका, हात पुढे करून म्हणाले, "माय, चार्ज दे आता." आजीने किल्ली पदरात घट्ट धरली. "पगार तं कधी देल्ला नाही, अन् रिटायर कावून करून राहिला रे?" सगळे हसले. हसता हसताच किल्ली काढून घेतली...

दुसऱ्या दिवशी पहाटे ती विहारात गेलीच. दाराला कुलूप, नवा किल्लीवाला घरी झोपलेला. पायरीवर बसून राहिली, तर काकांनी स्कूटरवर बसवून परत आणली. "लोक म्हनतीन, म्हातारीले राबवते!" भीती कशाची, तर लोकांची. मग काकूंनीही तांदूळ निवडायचं सूप तिच्या हातातून काढलं. टीव्ही लावून दिला. पावसाळ्यात ती भिंत धरून चालायला लागली, थंडीत तेही थांबलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. वय! बुद्ध पौर्णिमेच्या पहाटे नव्हतं का वय? मी शेवटचं भेटले तेव्हा आजी माझा हात धरून म्हणाली, "माहे पाय चांगले होते बेटा. यायनंच मले बसवलं."

आणि ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हेच काका म्हणतात कसे, "माय शेवटपर्यंत काम करत राहिली, हेच तिच्या दीर्घायुष्याचं रहस्य." वर डोळे पुसले. समितीने माना डोलावल्या. असल्या श्रद्धांजलीपेक्षा गप्प बसलेली माणसं बरी.

आता तुम्ही. तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस असेल, आणि "आराम करा" म्हणत त्याच्या हातातलं काहीतरी तुम्ही काढून घेतलं असेल. झाडांना पाणी घालणं, दूध आणणं, भाजी चिरणं, काहीही. हा पेपर खाली ठेवा. उठा, ते काम आज त्याला परत द्या, आणि मधे मधे करू नका.