मागचा फाळका अजून मिळायचा आहे

रविवार, १८ जानेवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. रशीदभाई मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला आणि आपली पंचाहत्तरी झाली की गॅरेजचं शटर कायमचं ओढणार असल्याचं मला सांगितलं. माझ्या पिकअपच्या हौद्याला मागचा फाळका अजून बसलेला नाही. त्यांच्या या गौरवग्रंथात तक्रार नको, असं संपादकांनी बजावलं आहे. संपादकांनी फाळक्याविना गाडीत रोपं भरून दाखवावीत.

आमची ओळख चार वर्षांची. माझे यजमान गेले तेव्हा त्यांची जुनी पिकअप अंगणात गंजत उभी होती. खुलताबादच्या रोपवाटिकेतून ते तीतून आंब्या-पेरूची रोपं गावोगाव पोचवत. एकदा तरी ती भरून आपण घाट उतरावा, एवढीच माझी इच्छा. इतर कारागिरांनी गाडी भंगारात काढायला सांगितली. रशीदभाईंनी मात्र बोनेटवरून हात फिरवला आणि ठेवून घेतली.

हे मॉडेल कधीच बंद पडलं आहे, सुटे भाग कुठंच मिळत नाहीत. डावा दरवाजा त्यांनी सोयगावकडच्या एका वस्तीवर शोधला. तो एका आजींच्या शेळ्यांच्या गोठ्याला लावलेला होता. "दार नेलं तर शेळ्या काय तुमच्या ग्यारेजात बांधू?" आजींनी विचारलं. रशीदभाई परत आले, पत्र्याचं नवं दार केलं, नेऊन बसवलं, कडी दोनदा लावून पाहिली आणि मगच जुनं उचललं.

उजव्या खिडकीखाली यजमानांच्या कोपरानं रंग घासून पत्रा उघडा पडला होता. तिथंही रंग मारा, असं मी बजावलं होतं. त्यांनी सगळी गाडी रंगवली आणि तेवढ्या पट्टीवर नुसतं पारदर्शक लॅकर मारलं. मी चिडले. मी कॉन्व्हेंट शाळेत शिकवत असे, म्हणून ते मला टीचर म्हणतात. "टीचर, रंग तो मैं कभीबी मारतूं. एक बार बैठ के तो देखो." मी बसले. माझं कोपर तिथं पोचत नाही. यजमान उंच होते. रंगाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

फाळके दोन आले. बिडकीनच्या फाळक्याच्या बिजागऱ्या रुंद, दुसरा नंतरच्या मॉडेलचा. दोन्ही त्यांनी परत पाठवले. नवा ठोकून द्या म्हटलं, तर पातळ पत्र्याला तो आवाज येणार नाही म्हणाले. खरं आहे. यजमान परतताना गल्लीच्या वळणावर फाळका खडखडला की मी कुकर खाली उतरवून पानं घेत असे. आता मलाही दुसरा चालत नाही, आणि ही खोड लावणारे गृहस्थ निवृत्त होताहेत.

आता हातोडी चुकते, असं ते म्हणतात. मी पाहिलं आहे. पण हातोडी दुसरं कुणी धरेल. भंगाराच्या ढिगातून नेमका तोच फाळका ओळखणारी नजर दुसऱ्या कुणाची आणायची?

म्हणून रशीदभाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही. ते फाळका शोधत राहणार की नाही, हे त्यांनी ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर तोंडी सबबी ऐकून घेत नसत, मीही घेणार नाही. उर्दूत लिहिलं तरी चालेल. मी कुणाकडून तरी वाचून घेईन.