लेकरू उतरेपर्यंत

कऱ्हाडजवळच्या धावपट्टीवर पोरं विमान चालवायला शिकतात. कुंपणाला लागूनच एका बाईचं सोयाबीनचं रान आहे. सकाळी फिरायला गेलो की ती खुरपताना दिसायची. विमान उतरायला लागलं की मात्र खुरपं हातात धरून उभी राहायची आणि चाकं टेकून ते थांबेपर्यंत खाली बसायची नाही.

"कामाचा खोळंबा होतो की," मी एकदा म्हणालो.

"आवं, लेकरू उतरताना बसून कसं ऱ्हायाचं?"

परवा एक विमान टेकलं, उसळलं, पुन्हा आपटलं आणि कुंपण मोडून थेट तिच्या रानात घुसलं. त्याचं नाक मातीत रुतलं. मी जागीच खिळलो. ती मात्र खुरपं टाकून धावली. विमानाचं दार उघडून एक मुलगी बाहेर आली. धडधाकट होती, पण दार काही सोडेना. बाईनं जेवणाचं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडून त्या मुलीवरून ओवाळला आणि लांब फेकून दिला.

तेवढ्यात मुलीचे शिक्षक ओरडतच पळत आले.

"गप रं, आदी हिकडं ये. तूच जास्त भ्यालायस," म्हणत तिनं त्यांच्यावरूनही तुकडा ओवाळून टाकला. मग माझ्याकडे वळली. "तुमी बी या. कवाधरनं तितंच हुबं हायसा."

एकुलती भाकरी अशी संपली आणि फडक्यात शेवटी कांदा तेवढा उरला. तो तिनं बांधावरच्या दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला, पहिली पाकळी मुलीच्या हातात दिली आणि मगच खाली बसली.