चार बोटांची अलाइनमेंट

आमच्या गावातला हापसा गेली वीस वर्षं एकाच जागी उभा आहे, आणि तरीही मी त्याला गाडीने धडकलो.

(समोर शेळी आली होती. शेळीला काही झालं नाही. ती थांबून बघत होती.) हापशाच्या ओट्यावर पुढचं डावं चाक आदळलं, आणि तेव्हापासून स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे कुणाच्या तरी अंगणात निघायची.

एरवी चार दिवस तशीच ठेवली असती. पण दुसऱ्या दिवशी आईला अंबाजोगाईला न्यायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. दोन वर्षं ती टाळत होती. कधी खुरपणी, कधी कापसाची वेचणी, कधी कुणाचं बाळंतपण. तांदळातले खडे चाचपून निवडायची आणि वर "दिसतंय की मला" म्हणायची. कशीबशी तयार झाली, तीही गाडीतून जायच्या अटीवर, कारण एसटीत तिला मळमळतं. ही तारीख हुकली की पुन्हा ती ऐकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"परळीला नेऊन अलाइनमेंट करून आणतो," मी म्हणालो.

"कशापायी?" आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "चाळीस साल तिफण धरली मी. पेरणीचं एक तास वाकडं गेलं न्हाई. दोन चाकं सरळ करायला परळी कशाला लागती?"

वडिलांना नाही म्हणायचं माझं वय अजून झालेलं नाही. (मी बेचाळीसचा आहे.)

आबांनी बैलाचा कासरा आणला आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून बांधला. कासरा आणि पुढच्या चाकाची कड यांत दोन्हीकडे सारखं अंतर आलं की काम फत्ते. टेप काही सापडेना.

"टेप कशाला? चार बोटं ठिव," आबा म्हणाले.

मी दुपारभर गाडीखाली आडवा पडून पान्याने नट पिळले. डावीकडे आबा बोटं घालून बघायचे, उजवीकडे मी. आई ओसरीवरून ऐकत होती.

"तुज्याकडं किती?"

"चार बोटं."

"माज्याकडं बी चारच. झालं की."

सकाळी आई नवं लुगडं नेसून पुढे बसली. गल्लीच्या तोंडाशीच गाडी डावीकडे वळली.

"सरळ धर की," मागून आबा.

"सरळच धरलंय, आबा."

गाडी अलगद उकिरड्यात जाऊन थांबली. आई उतरली. "देवाच्या मनात न्हाई. पुढच्या साली बघू."

इतकी लाज वाटली की आबांशी भांडायचंही सुचेना. मी पिशवी उचलली, तिचा हात धरला आणि म्हणालो, "आई, एसटीनं जाऊ. चल." माझं तोंड तिला तेवढं दिसलं असावं, ती निघाली, मागोमाग आबाही. वाटेत उलट्या झाल्या. तिला नाही, मला.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तिने आधी मला पाहिलं, मग आबांना, आणि आमचे हात धरून शेजारी शेजारी ठेवले. मला गहिवरून आलं. आबांची बोटं औत धरून धरून केळ्याएवढी झालेली, माझी मास्तरकीची, खडूएवढी.

"चार बोटं कोणाची धरली व्हती?" तिने विचारलं.

"इकडं माझी, तिकडं आबांची."

"मग सरळ कशी जाईल ती?"

आबा खिडकीबाहेर बघू लागले. सिस्टरबाई तोंडाला रुमाल लावून निघून गेल्या.

सोमवारी शाळेत गेलो. पाचवीला गणित मीच शिकवतो. त्या दिवशी धडा होता मापनाचा. मी पोरांना खेळायला सोडून दिलं.